दोन टिपक्यांच्या पट्ट्या

उस्ताद, खाली बसवलेल्या गाडीचं मागचं चाक सरळ करता येतं. तुम्ही जन्मभर नाही म्हणालात आणि काल मी करून दाखवलं. आज शुक्रवार आहे. दुपारी एक ते दोन शटर अर्धं ओढायची तुमची पद्धत मी अजून चालवतो, नमाजाला जाणारं आता दुकानात कोणी नसलं तरी. गिऱ्हाईक बाहेर कुरकुरतं, मी आत डबा खाऊन घेतो. आज डबा तसाच ठेवलाय आणि लिहायला बसलोय, कारण तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही समोर असतात तर मला ते जमलं नसतं. तुम्ही नुसती भुवई वर केली की मी पाना घेऊन गाडीखाली शिरायचो. आता भुवई नाही. तेव्हा ऐका. वीस वर्षं पोटात ठेवलेली माझी चूक आधी सांगतो आणि मग तुमची सांगतो.

ती पांढरी गाडी तुम्हाला आठवत असेल. हळदीच्या व्यापाऱ्याची, सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाची, पळायला अशी की वसमतमध्ये तशी दुसरी नव्हती. शेठनं हैदराबादहून आखूड स्प्रिंगा टाकून आणल्या आणि गाडी जमिनीला टेकायला आली. गाडी अशी खाली बसली की मागची चाकं वरून आत झुकतात, खालून बाहेर फाकतात, आणि टायर नुसतं आतल्या कडेवर चालत राहतं. कॅम्बर म्हणतात त्याला, तुम्ही तो शब्द कधी वापरला नाहीत. तुम्ही गाडीमागं उकिडवे बसलात, एक डोळा मिटलात आणि म्हणालात, "शेठ, आधी गाडी उचला. जुन्या स्प्रिंगा लावा, चाक आपोआप बराबर होतं. खाली बसवून चाक सरळ करणं आपल्या दुकानात होत न्हाई." मी मागं उभा होतो. आयटीआय करून तुमच्याकडं येऊन चार वर्षं झाली होती, आणि माझ्या मनात आलं, होत न्हाई म्हणजे काय? येत न्हाई म्हणा की.

शेठ स्प्रिंगा काढायला तयार नव्हता. शेवटी तुम्ही दोरी लावून चाकांची तोंडं तेवढी सरळ करून द्यायचं कबूल केलंत. जाता जाता शेठ म्हणाला, "उस्ताद, तुमीच करा. तुमच्या त्या भीमनगरच्या पोराचा हात नको माझ्या गाडीला." मी तिथंच होतो, चार हातांवर. तुम्ही काही बोलला नाहीत, खाली वाकून पाना उचललात. शेठचं बोलणं मला नवीन नव्हतं. तुमचं न बोलणं मात्र फार लागलं, अजून लागतं. तुम्ही ते विसरलाही असाल.

तुमचं दोरीचं काम मी आजही लोकांना सांगतो. चार लोखंडी घोड्या मांडायच्या, गाडीच्या दोन्ही अंगांनी दोऱ्या ताणायच्या, दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर मोजायचं, आणि चाकाचं तोंड आत वळलंय का बाहेर ते बघून सरळ करायचं. पट्टी हातात असायची पण तुम्ही तिच्याकडं शेवटी बघायचात, आधी डोळ्यानं ठरलेलं असायचं. त्या शुक्रवारी सकाळी तुम्ही चारही चाकं बसवलीत, बोल्ट आवळलेत, अजान झाली तसे हात धुवून, टोपी घालून गेलात. आणि मी गाडीखाली शिरलो. मागच्या चाकाला वरून धरणारा एक आर्म असतो, त्याचा ब्रॅकेट बॉडीला दोन बोल्टांनी बसतो. बोल्ट सैल करून मधे वायसरच्या चकत्या घातल्या की आर्म बाहेर सरकतो आणि चाकाचं डोकं त्याच्यासोबत बाहेर येतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गाडी दुकानात होती ते आठ दिवस बघून बघून माझं मी शोधलं होतं. एका बोल्टामागं तीन वायसर, दोन्ही बाजूंना तसेच. गाडी खाली घेतली, थोडी पुढंमागं ढकलली, ओळंबा सोडून बघितला. चाक उभं राहिलं होतं, उस्ताद. शेठला जो हात नको होता त्याच हातानं उभं केलं होतं. मला इतका आनंद झाला की मी एकटाच हसत सुटलो.

आणि त्या आनंदात विसरलो. चाकाचं डोकं हलवलं की त्याचं तोंडही हलतं. दोरी पुन्हा ताणायला पाहिजे होती. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तुम्ही यायच्या आत शेठचा ड्रायव्हर आला आणि गाडी घेऊन गेला. तुम्ही विचारलंत, "गेली का?" मी म्हणालो, "गेली." बस, एवढंच बोललो.

महिनाभर ती चाकं तोंड फाकवून रस्त्यावर घासत होती. टायर आतून तारेपर्यंत गेलं आणि औंढ्याच्या रस्त्यावर फुटलं. गाडी हळदीच्या शेतात घुसली, शेठच्या कपाळाला खोक पडली, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली आणि शेठ डोक्याला पट्टी बांधून दुकानात उभा राहिला. "त्या पोरानं हात लावला का न्हाई? खरं सांगा उस्ताद, कोणी केलं हे?" मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो, तुम्ही माना न माना. पण तुम्ही पुढं झालात. "पोरानं बोट लावलं न्हाई. दोरी मी धरली होती. माझी नजर चुकली शेठ, आता डोळे राहिले न्हाईत." मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "तू काहून उभा हाईस? नांदेडला जा, टायर घिऊन ये." मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडलो. परत आलो तेव्हा गाडी तयार होती, तुम्ही नवं टायर चढवलंत आणि ती गेली. ती पुन्हा आपल्या दुकानात आली नाही. मग तुम्ही दोरीचं रीळ आणि ओळंबा माझ्या हातात दिलात. "आजपासून तू धर. माझी नजर गेली."

लोकांनी ते धरून ठेवलं. उस्तादांची नजर गेली. एवढासा गाव, बातमी चहाच्या गाड्यावर संपली नाही, जीपवाल्यांनी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला गोरेगावपर्यंत नेली. तुम्ही मग दोरीला हात लावला नाहीत. स्टुलावर बसून बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचात, माझ्या कामाकडं पाठ करून. मी मात्र त्याच दोरीवर नाव काढलं, चाकं जुळवायचं मशीन घेतलं, दुकान वाढवलं. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी तीनदा सांगायला आलो. तिन्ही वेळा तुमच्या घरचा चहा पिऊन परत गेलो. तिसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, "दोरी ढिली सोडू नको, बेटा," आणि मला वाटलं, यांना काहीच माहीत नाही. हे मनात घेऊन मी तुम्हाला माती दिली.

आता या आठवड्यातली गोष्ट. शेठही गेला, त्याची पोरगी पुण्याला नोकरी करते. बापाची गाडी तिनं शेडमधून काढली, इंजिन बांधून घेतलं, आणि बापाच्या वरताण म्हणून उंची कमीजास्त करता येणारं सस्पेन्शन टाकून आणखी खाली बसवली. मागची चाकं पार फेंगडी झाली. "काका, टायर आतून खाऊन राहिलंय. पुण्यात म्हणाले, उंची वाढवा. मी न्हाई वाढवणार. तुमी करता का?" गाडी मी बघताच ओळखली. म्हणालो, "करतो." लिफ्टवर चढवली, चाक काढलं, टॉर्च घेऊन माझेच तीन वायसर बघायला मान वर केली.

वायसर नव्हते. तिथं एक पट्टी होती. जाड लोखंडाची, दोन भोकांची, चारही कडा कानशीनं गोल केलेल्या. गंज पुसला. कोपऱ्यात सेंटर पंचानं ठोकलेले दोन टिपके. तुमच्या हातानं घडलेल्या प्रत्येक वस्तूवर असायचे तसे दोन. पलीकडच्या बाजूलाही तशीच पट्टी, तसेच टिपके. मी लिफ्टखाली त्या टिपक्यांवरून अंगठा फिरवत राहिलो. पोरगी म्हणाली, "काका, काय झालं?" मी म्हणालो, डोळ्यात गंज गेला.

म्हणजे मला नांदेडला पिटाळून तुम्ही गाडीखाली गेलात. माझे वायसर बघितलेत. कुणी घातले, कधी घातले, सगळं तुम्हाला कळलं. माझे ढिसाळ वायसर काढून त्याच जाडीची पट्टी घासून बसवलीत, आणि मग दोरी ताणलीत. नजर गेली म्हणणाऱ्या माणसानं! आणि वर "होत न्हाई" म्हणालात ते तुम्ही माझ्या कालच्या कामाआधी वीस वर्षं करून ठेवलं होतंत. पहिल्या ओळीत मी एवढी मिशी पिळली, ती आता कुठं ठेवू?

काहून, उस्ताद? माझं नाव निघालं असतं तर वसमतात कुणी मला पान्याला हात लावू दिला नसता, हे मला समजतं. तेव्हाही समजत होतं, तेवढं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण तुम्ही मला एकदा विचारायला तर हवं होतं. चाक उभं केलं तेही माझंच होतं आणि टायर फोडलं तेही माझंच. त्यातलं एकही तुम्ही माझं राहू दिलं नाहीत. माझ्या आईनं लोकांचे बोल अंगावर घेऊन मला शिकवलं, मीही घेतले असते. भीमनगरच्या पोरानं चूक केली आणि भीमनगरच्या पोरानं निस्तरली, असं झालं असतं. शेठनं "हात नको" म्हटलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात, तिथं एक शब्द बोलायचा होता. तो बोलायला महिना लावलात आणि मग बोललात तेही खोटं. एक थोबाडीत मारून "वायसर कोणी घातले?" विचारलं असतंत तर तीन वेळा चहा पिऊन परत जायची पाळी आली नसती. तुम्हाला माहीत होतं मी कशासाठी यायचो. कप रिकामा होईपर्यंत बघत बसायचात. माझं काय चाललंय ते दिसत होतं आणि बसून राहिलात. याला मी माफ करणार नाही. तुमच्यावर जीव आहे म्हणून तर मुळीच नाही.

काम सांगतो. तुमच्या पट्ट्या आता पुरत नव्हत्या, गाडी फार खाली आली होती. लांबी कमीजास्त होणारे नवे आर्म मागवले, बसवले. पोरीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मागं हळदीचं एक पोतं ठेवलं, कारण रिकाम्या गाडीचं माप रस्त्यावर खोटं पडतं. चाकाचं डोकं हवं तेवढं बाहेर आणलं, अगदी सरळ नाही, वळणावर धरेल इतकं किंचित आत ठेवून. मग तोंड जुळवलं. पुन्हा डोकं बघितलं, पुन्हा तोंड. यावेळी विसरलो नाही. मशीनच्या पडद्यावर सगळं हिरवं झालं.

पडद्याकडं बघत पोरगी सहज म्हणाली, "बाबा म्हणायचे, जुने उस्ताद भारी होते, पण नजर गेली आणि आमचं टायर फोडलं." दुकानात दोन ड्रायव्हर बसले होते, दोघंही तुम्हाला ओळखणारे. मी पाना खाली ठेवला. म्हणालो, "नजर शेवटपर्यंत शाबूत होती त्यांची. टायर माझ्या हातानं फुटलं. त्यांना न विचारता मी वायसर घातले, तोंड जुळवायचं विसरलो. त्यांनी स्वतःवर घेतलं." आवाज जरा चढलाच माझा. मला वाटलं आता छत कोसळेल. एक ड्रायव्हर म्हणाला, "व्हय का?" आणि पोरगी म्हणाली, "जाऊ द्या ना काका, किती जुनी गोष्ट." मग तिनं विचारलं, गाडी कधी मिळेल. वीस वर्षं ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं. तरी सांगितलं ते सांगितलं. आता हेही गोरेगावपर्यंत जाऊ द्या.

एक राहिलं. गिऱ्हाईकाचं लोखंड गिऱ्हाईकाला, ही तुमची शिस्त. काढलेला प्रत्येक पार्ट पेपरात गुंडाळून गाडीत ठेवायचा, वायसरसुद्धा. इतक्या वर्षांत मी ती एकदाही मोडली नाही. काल जुने आर्म दिले, फाटलेली रबरं दिली, गंजलेले बोल्ट दिले, सुतळीनं पुडी बांधून डिकीत ठेवली. दोन पट्ट्या दिल्या नाहीत. त्या ड्रॉवरमध्ये तुमच्या दोरीच्या रिळाशेजारी आहेत आणि हा कागदही तिथंच जाईल. पोरीनं पुडी उघडून बघितली नाही. बघितली असती, मागितल्या असत्या, तरी मी दिल्या नसत्या.