शेव, बुंदी आणि नवं सूप

देवळाली प्रवरा
दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रोहिणीस मनकर्णाचा आशीर्वाद, वि. वि.

तुझे गिनीपिग मला चावले, ते आधी ऐक. बुंदीनं अंगठ्यात दात रोवला, अन् शेव हातातून निसटून कपाटाखाली गेली. तिला काढता काढता माझी कंबर धरली. तू माहेरी निघून गेलीस अन् ही दोन बिनशेपटीची उंदरं माझ्या गळ्यात. हर्षलला म्हणलं, तूच आणलीस, तूच घेऊन जा नगरला. तर म्हणतो, खोलीचा मालक ठेवू देत न्हाई, अन् बायकोसाठी आणलेली, ती येईल की. रविवारी येतो, जेवतो, झोपतो, जातो. कंपनीतनं फोन करतो तो बी तुझी चौकशी करायला, जशी तू माझ्या पदराआडच लपलीयस.

तुझा फोन बंद. तुझ्या वडलांना लावला तर झोपलीय म्हणतात. सकाळी झोपलीय, संध्याकाळी झोपलीय. म्हणून चौथी शिकलेली मी कागद घेऊन बसलेय. चुका काढू नको.

पिंजरा झाडायचा तर ह्यांना उचलावं लागतं. मी कोंबडी धरतात तशी वरनं झडप घालते. जन्मभर कोंबड्या धरल्या, एक सुटली न्हाई. ही मात्र हात दिसला की चिरकत कोपऱ्यात. नखं वाढलीत ती कापायची कशी? गाईचा लसूणघास टाकते, तर मी उठून गेल्यावर खातात. हर्षलचे वडील गेले तवाबी घर एवढं गप नव्हतं, तू नवीनच आली हुतीस. आता बोलायला ही दोनच, ती बी माझ्याकडं पाठ करून बसत्यात.

पोटातलं पाचव्या महिन्यात गेलं, लई वाईट झालं. पण पडून ऱ्हायल्यानं ते माघारी येत न्हाई, म्हणून तुला दंडाला धरून उठवलं अन् ताटावर बसवलं. त्याचा राग हाय का दुसरं काही, सरळ लिही.

घरच्यांना नमस्कार. माझ्यावर थोडा जीव असू दे.

मनकर्णा


पाथर्डी
दि. १७ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. अंगठ्याला हळद लावली का? आजच लावा.

त्यांना वरून धरू नका. वरून येते ती घार, एवढंच त्यांना ठाऊक. खाली जमिनीवर बसा. मांडीवर कोथिंबीर ठेवा आणि काही करू नका. यायचं तेव्हा येतील. उचलायचंच असेल तर एखादं पसरट काही पुढं ठेवा, त्यात आपणहून चढू द्या. नंतर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरा. दात कटकट वाजवले की खाली ठेवायचं. पडली तर हाडं मोडतात त्यांची.

फोन चालू केला की सगळे एकच विचारतात, कशी आहेस. त्याचं उत्तर मला येत नाही. पत्राला थांबता येतं.

दंडाला धरलं त्याचा राग नाही. मी जेवले नसते. पण आत्या, त्या खोलीत पडलं की समोर खुंटीवर ते नवं सूप दिसायचं. पाचवीला बाळाला ठेवायचं म्हणून तुम्ही राहुरीच्या बाजारातून आधीच आणलेलं. त्याच्याखालून तुम्ही रोज केर काढायचात आणि तुम्हाला ते दिसायचंही नाही. काढा म्हणणार होते. तोंडातून निघालं नाही.

शेवला काकडी सालीसकट आवडते. तब्येतीला जपा, आणि ह्या सुनेला परकी धरू नका.

आपली,
रोहिणी


देवळाली प्रवरा
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. सौ. रोहिणीस आशीर्वाद, वि. वि.

दिसायचं न्हाई म्हणे. रोज दिसत हुतं मला. काढलं असतं तर तू म्हणली असतीस, आत्या विसरली बी. म्हणून ठेवलं. शेजारची बनुबाई तवाच म्हणली हुती, आधी आणू नये. तिला मीच गप केलं.

आता तुझ्या जनावरांचं. जमिनीवर बसले. काही न करता बसायचं, हे काम मला येत न्हाई. तांदूळ निवडायला घेतले तर सुपाच्या आवाजानं कुणी बाहेर येईना. मग हात मोकळे ठेवून बसले, बाई, देवासमोर बी अशी कधी बसले नसंन. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की जरा पुढं आलेली पुन्हा आत. असं लई दिवस. मग एकदा शेव आली, मांडीवरचा देठ ओढला अन् पळाली. दुसऱ्या दिवशी पळाली न्हाई, तिथंच बसून खाल्ला.

उचलायला खोका बघितला, तो उंच. तांदळाचं सूप द्यायला मन होईना. मग ते नवं काढलं खुंटीवरनं. कोथिंबीर टाकून खाली ठेवलं. बुंदी आपण होऊन चढली. अलगद उचललं, चिरकली न्हाई. सूप दोन्ही हातांत धरून उभी ऱ्हायले अन् कुणाला दाखवू ते कळंना. घरात हाय कोण.

नखं कापली. सुपाची कड बुंदीनं कुरतडली, कोपऱ्यात घाण केली. आता ते त्यांचंच झालं, पिंजऱ्यापाशी ठेवलंय. खुंटी मोकळी हाय.

हर्षल म्हणत हुता, रविवारी जातो अन् रोहिणीला घेऊनच येतो. मी नको म्हणलं. मी येते. न्यायला न्हाई. नगरला गाडी बदलून येईन अन् तुमच्या ओट्यावर बसीन. भाकरी दिली तर खाईन. ऊठ म्हणणार न्हाई, कशी हायेस विचारणार न्हाई. तू आत पडून ऱ्हायलीस तरी मी बाहेर बसीन, सांजच्या गाडीनं माघारी जाईन. ह्या दोघींना बनुबाई घास टाकील. हात लावायचा न्हाई, असं तिला बजावलंय.

पण न विचारता आले तर ती बी झडपच झाली. म्हणून कागद खर्चून विचारते, येऊ का? न्हाई म्हणायचं असलं तरी तसं लिही. लोभ असला तर असू दे, नसला तर ते बी कळव. एक तारखेच्या आत उत्तर माझ्या हातात पाहिजे.

मनकर्णा