रिकामा डबा

केडगाव मिशन, ता. दौंड
५ मार्च १९७३

तीर्थरूप दादांस,
धाकट्या अंजनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मास्तरकीतून पेन्शनीत निघून आठ वर्षं झाली, तरी शेजारच्या शेळीला कविता चालीवर म्हणून दाखवता हे वाचून हसले. शेळी तरी पाणावलेल्या डोळ्यांनी ऐकते का?

इकडे हसण्यासारखं एवढंच. यवतच्या माळावर दुष्काळी काम निघालंय. मेंढरं विकून आलेली धनगरांची कुटुंबं तिथं पालं ठोकून खडी फोडतात. तान्ह्या मुलांसाठी मिशननं दुधाचं केंद्र उघडलं आणि ते माझ्याकडे दिलं. भुकटीचं दूध मी सकाळी उकळते. बायकांजवळ भांडी नव्हती, म्हणून झाकणाचे चाळीस जर्मनच्या पत्र्याचे डबे वाटले. कालचा डबा आणा आणि आजचं दूध न्या, एवढाच नियम.

पहिल्या दिवशी चाळीसजणी आल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. काल तिघी. कामावरचा मुकादम हसून म्हणाला की बाई, डबे कवाच बाजारात गेले, आता वाट बघू नका. कोणी म्हणतं त्यांना बाटण्याची भीती वाटते. सोजरबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिची नात आठ महिन्यांची, पण उचलली तर पिसासारखी लागते. ही बाई रोज बाभळीआड उभी राहते, पदराखाली डबा असतो, तो मला दिसतो. हाक मारली तर म्हणते उद्या येते माय, आज न्हाई जमत. आणि जाते. दादा, चोर रोज डबा घेऊन दाखवायला येतो का?

आमच्या मिशनच्या थोरल्या बाई कठोर नाहीत, पण शनिवार सतरा तारखेपर्यंत डबे आले नाहीत तर केंद्र दुसऱ्या गावी हलवणार. तिथंही मुलं आहेतच. मी प्रार्थनेला बसते, पण डोळे मिटले की डबेच दिसतात. पस्तीस वर्षं सेवा केली आणि माणसं मला कळलीच नाहीत की काय?

बाकी, डब्यांचाच विषय निघालाय म्हणून विचारते. माझाही एक पितळी डबा पस्तीस वर्षं तुमच्याकडे आहे. तोही बाजारात गेला का?

लोभ आहेच, तो उन्हाळ्यात आटू देऊ नये.
आपली, अंजना

शिरूर
८ मार्च १९७३

चि. अंजनास अनेक उत्तम आशीर्वाद वि.

पत्र दुपारी आलं. वाचून उठलो, घोडनदीपर्यंत चालत गेलो. नदी कसली, वाळूच. तिथं उभा राहिलो तर आपली जुनी शाळाच डोळ्यांपुढे आली. पावसाच्या कविता आपण भर उन्हाळ्यात पाठ करायचो, तू मागच्या बाकावरून माझ्या आधी पुढची ओळ म्हणायचीस आणि मास्तर मला उभं करायचे. असो. भरकटलो. जिवाला स्वस्थता नाही, म्हणून शब्द कुठंही जातात.

अंजना, तुला भागुबाईची वाटी आठवते? शेजारच्या भागुबाईनं खीर धाडली होती. तू वाटी घासून लख्ख केलीस आणि तशीच परत देऊन आलीस. आईनं केवढी चापट मारली होती! दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणाली. दाणे, गूळ, नाही तर चिमूटभर मीठ. मग ती स्वतः मीठ घेऊन गेली आणि तुला तिच्या पाया पडायला लावलं.

तू पस्तीस वर्षं मिशनच्या पंगतीत जेवलीस. तिथं भांडी सगळ्यांची, घराघरांत जात-येत नाहीत. म्हणून तू विसरलीस. त्या बायका विसरलेल्या नाहीत. डबा विकलेला नाही, बाई. त्यात घालायला काही नाही. ज्या तिघी येतात त्यांनी लाज गिळली असेल. सोजरबाईला ती गिळता येत नाही.

आता रिकामाच आणा असं मात्र सांगू नकोस. तो त्यांचा अपमान होईल. त्यांच्याजवळ आहे असं काहीतरी माग.

पितळी डब्याचं पुढच्या पत्री लिहितो.

म्हाताऱ्यावर जीव आहे तसाच ठेव.
तुझा, ज्ञानदेव

केडगाव मिशन
१५ मार्च १९७३

तीर्थरूप दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी गालाला हात लावला. आईची चापट तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी पालापालांतून फिरले. सांगितलं की चुलीला जळण नाही, दूध उकळायचं खोळंबलंय, येताना डब्यात चार काटक्या आणाल तर बरं. खोटं नव्हतं, जळण खरंच संपत आलं होतं. सोजरबाईनं डबा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, इतकंच व्हय? आगं मग आधी न्हाई का सांगायचं!

सकाळी रांग बाभळीच्याही पलीकडे. एकीनं बोरीच्या काटक्या इतक्या कोंबल्या होत्या की झाकण बसेना, त्यावरून दोघींची जुंपली. सदतीस डबे आले. तीन खरंच विकले गेले होते. त्या बायांनी रडत सांगितलं, मी दुसरे दिले. थोरल्या बाई केंद्र हलवत नाहीत.

सोजरबाई शेवटी आली. तिच्या डब्यात काटक्या नव्हत्या, मूठभर लोकर होती. शेवटची मेंढी विकायच्या आधी कातरलेली. म्हणाली, पोरीच्या उशाला ठेवली होती, तुला ऱ्हाऊ दे. मी परत करू लागले आणि हात थांबला. घेतली. नातीनं आज डबा पुरा संपवला. अजून उचलली की हलकीच लागते. उद्याचं देवाच्या हाती, दूध माझ्या.

पण तुम्ही माझ्या डब्याचं उत्तर चुकवलंत.

मायेचा झरा वाहता असावा.
आपली, अंजना

शिरूर
१९ मार्च १९७३

चि. अंजनास अनेक आशीर्वाद वि.

दोन दिवस झोप नीट नाही. हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

तू बाप्तिस्मा घेतलास त्या वर्षी भाऊबीजेला आलीस. दार वाजवलंस. मग करंज्यांचा डबा उंबऱ्यावर ठेवून गेलीस. आबांनी, बापाच्या रागानं, आतून कडी घातली असंच तू आजवर समजतेस, आणि मी समजू दिलं. आबा तेव्हा मळ्यात होते. कडी मी घातली होती. शाळेत बढतीची यादी लागायची होती, गावात बोभाटा नको होता. तू तिसऱ्यांदा दार वाजवलंस तेव्हा मी आत मुलांच्या कवितेच्या वह्या तपासत होतो. निदान वही हातात होती.

करंज्या रात्री सगळ्या मीच खाल्ल्या. डबा दर दिवाळीला घासतो. परत काय घालून द्यावं ते सुचलं नाही, म्हणून दिला नाही. सोजरबाई दहा-बाराच दिवस बाभळीआड उभी होती.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं चौफुल्याला उतरतो. घ्यायला येऊ नकोस, दुधाची वेळ असेल. मी सरळ माळावर येईन आणि रांगेत सोजरबाईच्या मागं उभा राहीन. डब्यात आईनं घातलं असतं तेवढंच घातलंय, चिमूटभर मीठ. घ्यायचं की नाही, ते माझा नंबर आला की ठरव.

तुझा दादा,
ज्ञानदेव