छातीत घेतलेला धूर

आप्पा,

मी बिडी सोडली. आता आठ महिने होतील. तुम्हाला हे सांगण्यात अर्थ नाही हे मला कळतं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि निपाणीतून तुम्ही आहात तिथवर टपाल जात नाही. पण मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि भांडण ऐकून घेईल असं घरात कोणी नाही. आईपुढे तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढला तर ती दोन दिवस जेवायची नाही. म्हणून कागद घेऊन बसलो. तुम्ही मला सातवीपर्यंत शिकवलंत, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

जर्मनची दुसरी लढाई संपली त्या हिवाळ्यात माझा खोकला वाढला. वखारीत सगळेच खोकतात, तंबाखूची धूळच तशी, त्यामुळे तिथं कुणी लक्ष देत नाही. पण एक दिवस माडीवर तंबाखूचा नमुना ओढून बघायला चढलो आणि निम्म्या जिन्यात पायरीवर बसलो तो बसलोच. मग बेळगाव गाठलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर टकटक केलं आणि विचारलं, "दिवसाला किती बिड्या?" मी म्हणालो, "धंद्यातल्या धरून, का सोडून?" ते हसले नाहीत. म्हणाले, "छातीला धंद्यातली आणि घरातली वेगळी कळत नाही. सोडा, नाहीतर दोनेक वर्षांत अंगणातसुद्धा चालता येणार नाही."

सोडा म्हणणं सोपं. याआधी मी तीनदा सोडली होती. एकदा गणपतीत, एकदा धाकटी जन्मली तेव्हा, आणि एकदा तुमच्या वर्षश्राद्धाला. तिसऱ्या खेपेला तर पिंडाला कावळा शिवायच्या आत पेटवली होती. या वेळी मी गपचूप दोघा मित्रांना सांगितलं, एक आमच्या आळीतले मास्तर आणि दुसरा चौकातला शिंपी. मी शपथ घ्यायला निघालो तर मास्तरांनी हात धरला. "शपथ नको रं बाबा. तुझ्या शपथा बघितल्यात आम्ही. आपण वेळापत्रक करू." त्यांनी पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागं माझ्या बिडीच्या वेळा लिहून काढल्या. सकाळी परसाकडे जायच्या आधी, चहानंतर, जेवणानंतर, दिवेलागणीला. शिमग्यापासून एकेक वेळ कमी करायची आणि पाडव्याला शेवटची ओढायची असं ठरलं. प्रत्येक वेळेपुढं कोणी माझ्याबरोबर राहायचं ते लिहिलं. सकाळ शिंप्याकडे आली. तो स्वतः दिवसाला दोन बंडलं फुंकणारा माणूस, पण म्हणाला, "ह्येचं जमूस्तवर मी ह्येच्याम्होरं वढत न्हाय." रोज उजाडायला तो दारात हजर. तवंदीच्या घाटाच्या अंगाला मला चालवत न्यायचा. पहिले चार दिवस माझ्या पोटानं संप पुकारला होता, तर हा रस्ताभर माझ्या पोटाचीच चौकशी करायचा, तीही मोठ्यानं. जेवणानंतर मास्तर सोंगट्या घेऊन यायचे आणि मुद्दाम लबाडी करायचे, म्हणजे मी चिडून बिडी विसरावी. मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो, मूठमूठ शेंगदाणे आणि गूळ खात होतो, पण एकेक वेळ सुटत होती. असे मित्र मिळायला भाग्य लागतं, आप्पा.

त्या कागदावर एकच जागा कोरी राहिली होती, वखारीची. पाडव्याच्या सुमाराला नवा माल येतो, परगावचे व्यापारी गाद्यांवर येऊन बसतात, आणि दिवसाला वीस-पंचवीस नमुने मला पानात वळून ओढून दाखवावे लागतात. मी पारखी, माझं पोट त्यावर. मास्तर पेन्सिल हातात धरून म्हणाले, "हितं काय लिहू?" दुसऱ्या दिवशी मी चाळणीवरच्या आक्काला विचारलं. तुमच्या वेळची माणसं गेली, ती एकटीच उरली आहे. अजून तशीच भिंतीला पाठ लावून चाळत बसते, दातात मिश्री लावून. मी म्हटलं, "आक्का, न ओढता तंबाखूची पारख करता येईल का गं?"

"तुझ्या आप्पाला येत न्हवती व्हय?"

"आप्पा ओढायचे की."

तिनं चाळणी थांबवली. "कुठलं वढायचा? धूर गालात धरायचा नि सोडून द्यायचा. घशाखाली एक घोट कवा गेला न्हाय त्येच्या. बोटांनीच कळायचं त्येला समदं. वास घ्यायचा, पान कानापाशी मोडायचा. बिडी आपली येपाऱ्यांला दावायला. न वढणाऱ्या पारख्यावर कोन इश्वास ठेवतंय?" मग माझ्या तोंडाकडं बघून ती हळूच म्हणाली, "तुला म्हाईत न्हवतं? आरं, मला वाटलं, बापानं लेकाला सांगितलं आसंल."

मला वखारीतला पहिला दिवस आठवला. मी एकोणीस वर्षांचा, लग्न होऊन दोन महिने झालेले, अंगात आईनं धुतलेला नवा सदरा. गादीवर दोन व्यापारी बसले आहेत. तुम्ही नमुन्याची बिडी वळून माझ्या हातात देता. मी भीत भीत ओढतो आणि धूर तोंडातूनच सोडतो. व्यापारी तुमच्याकडं बघतात. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून म्हणता, "तोंडात घोळवून काय कळतंय रं? छातीत घे. छाती खोटं बोलत न्हाय." मी छातीत घेतो. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, नव्या सदऱ्यावर उलटीचे शिंतोडे. व्यापारी खूश होऊन हसतात, आणि तुम्हीही हसता. तुम्हाला त्या दोघांपुढं तसं बोलणं भाग होतं, हे आता मला समजतं. पण नंतर? वखारीपासून घर निम्मा तास होतं. तो निम्मा तास आपण दोघं अकरा वर्षं रोज बरोबर चाललो. त्या वाटेवर तुम्ही मला पावसाचं बोललात, बैलांचं बोललात, आत्याच्या नणंदेच्या भांडणाचंसुद्धा बोललात. "पोरा, आत घेऊ नको," एवढे चार शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत.

आणि ते एक पोतं. मी चौथ्या वर्षी एकदा नुसता वास घेऊन सांगितलं होतं की हा माल माळाचा नाही, काळ्या रानातला आहे आणि वाळवताना पावसात सापडलेला आहे. बरोबर निघालं होतं ते! मला वाटलं, तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही सगळ्या वखारीदेखत माझ्यावर ओरडलात, "न वढता सांगतुस? लाज न्हाय वाटत? परत आसं केलंस तर हितं पाय ठेवू नको." मी खाली मान घालून बिडी पेटवली. म्हणजे माझं नाक तुमच्यासारखंच होतं, आणि ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. एका वखारीत दोघं गालात धूर धरणारे दिसले तर कोणीतरी ओळखेल, याची तुम्हाला भीती वाटली. तुमचं सोंग टिकावं म्हणून माझी छाती जाळलीत. तुम्ही गेलात ते तापानं. छाती शेवटपर्यंत ठणठणीत. काम सोडलंत तेव्हा तुमची पितळी बिडीची डबी मला दिलीत आणि म्हणालात, "तुझी छाती माझ्यापेक्षा पक्की." ते ऐकून मी आठ दिवस हवेत होतो, आप्पा. आता आठवलं की कानशिलं तापतात.

आक्कानं सांगितलं त्या संध्याकाळी मी चौकात जाऊन बंडल विकत घेतलं. कशासाठी सोडायची, कुणासाठी, असं झालं होतं. शिंप्यानं दुकानातून बघितलं, मशीन तसंच टाकून मास्तरांना बोलावून आणलं. मी दोघांना सगळं सांगितलं. शिंपी तुम्हाला एक शिवी हासडणार होता, माझ्याकडं बघून त्यानं ती गिळली. मास्तरांनी मला दुकानाच्या पायरीवर बसवलं. मग म्हणाले, "मेलेल्या माणसावर रुसून तू बिडी ओढलीस तर खोकणार कोण?" बंडल त्यांनी घेतलं नाही. ते मीच गटारात टाकलं, आणि टाकून झाल्यावर रडलो, भर चौकात, पंचेचाळिसाव्या वर्षी.

पाडव्यानंतर व्यापारी आले. तुमच्यासारखं गालात धरायचं मी एकदा मनात आणलं होतं, ते जमलंही असतं. पण मी वखारीच्या मालकांच्या देखतच सांगून टाकलं, "मी आता ओढत नाही. बोटानं आणि नाकानं बघून सांगतो. खोटं वाटलं तर तुम्ही ओढून बघा." एकजण जोडे घालून थेट शेजारच्या वखारीत गेला. दुसरा थट्टा म्हणून थांबला. मी सात पोत्यांतले नमुने बोटांत चोळले, कानापाशी पान मोडलं, वास घेतला आणि एकेकाचं रान सांगितलं. तो एकेक पेटवून बघत गेला. सहा बरोबर, एक चुकलं. मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाललंय ते चालू द्या." तेवढंच. पण त्या दिवशी जिना मी न थांबता चढलो आणि वर पोचल्यावर पहिली तुमची आठवण झाली. तुम्हालाही हे एवढंच करता आलं असतं.

हे सगळं लिहून मन हलकं होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. कागद उद्या चुलीत जाईल, आईच्या हाती पडायला नको. त्याआधी एक गोष्ट लिहितो, कारण ती मी मास्तरांना सांगितली नाही आणि शिंप्यालाही नाही. आक्कानं सांगितलं तेव्हा मला धक्का बसल्याचं मी दाखवलं. पण तुमच्या नाकातून कधी धूर येत नाही, नुसता तोंडातून सुटतो, हे मला दुसऱ्याच वर्षी दिसलं होतं. मी तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तुम्ही खरं सांगितलं असतं, आणि मग मला बिडी सोडावी लागली असती. आप्पा, तोवर मला ती आवडायला लागली होती.