आळणी दिवस

रोहा, १२ जानेवारी १९९५

ती. हौसाआत्यास,
नमिताचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या जन्माआधी संपलेली लढाई माणसाला इतकी लख्ख कशी दिसते? मला सांगता येत नाही. बी.ए.ला एका जुन्या अमेरिकन कादंबरीकाराचं पुस्तक होतं. तरुणपणी तो जहाजावर खलाशी होता, म्हणून त्याच्या दोरखंडांनाही खारा वास येतो. देशाच्या स्वातंत्र्याची लढाई मात्र त्याने म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहिली. वाचताना अंगावर काटा आला. वाटलं, आपल्याकडेही जनूआजोबा होते की!

वाचनालयाच्या कथास्पर्धेसाठी त्यांच्या मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट लिहिली आहे. ती सोबत पाठवते. बाबांना पाठ झाली आहे. येईल त्याला ऐकवतात. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. प्रविणदादाकडून वाचून घे, चुकलं असेल ते कळव. महिनाअखेरपर्यंत टपालात टाकायची आहे.

लोभ असू दे, त्यात मीठ कमी पडू देऊ नको.
तुझी नमिता

गडब, १९ जानेवारी

चि. नमितास आशीर्वाद.
(आई बोलते तसं लिहितोय. प्रविण)

गो पोरी, भर श्रावणात कुठं मीठ पिकतं? गोष्ट ऐकून मिठागरातल्या बाया हसून लोळल्या. बी.ए. झालीस, पन आगर नाय बघितलंस. चैत्र होता तो.

आणि तू लिहिलीस तशी माझ्या बापानं शिपायांपुढं मिठाची मूठ उगारली नाय. सत्याग्रहींच्या मिठात चिखल कालवायला शिपायांनी आगरातल्या गड्यांना लावलं. बापानं कालवला, पोटासाठी. मी बांधावर उभी होते. घरी येऊन आईला बोलला, आज माझ्या भातात मीठ घालू नको. मरेपर्यंत दरसाल तो दिवस पाळला. तुझ्या बाबाला वाटतं, नवस होता. लिहायचं तर हे लिही, नायतर माझ्या बापाचं नाव घेऊ नको.

सुखी राहा.
हौसा

रोहा, ३० जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

तो आळणी भात मीही खाल्लाय गं! पाच वर्षांची होते, त्या दिवशी सगळ्यांनाच तो वाढला, तर मिठासाठी रडले. आजोबांनी उठून स्वतः माझ्या भातावर मीठ घातलं. स्वतःच्या भातावर मात्र घेतलं नाही. मला सांगितलं, त्यांचा नवस आहे. केवढी गोष्ट माझ्या ताटात वाढली होती, आणि मी ती परक्या पुस्तकात बघून थक्क होत होते!

बदललेली गोष्ट बाबांना आधी वाचून दाखवली. ते ओटीवर जाऊन बसले. तिथून म्हणाले, मी कधी विचारलंच नाही त्यांना.

श्रावणाचा चैत्र केला, मूठ खोडली, चिखल लिहिला. नाव जनूच ठेवलं. आज सकाळी पोस्टात टाकली. घरात डिंक नव्हता. पाकीट बाबांनी भाताच्या शिताने चिकटवलं.

तुझ्या लोभातली,
नमिता