आप्पांचं नाव सांगायचं राहिलं

अर्विंग,
१६ फेब्रुवारी, रविवार

माझ्या धाकट्या अहिल्येला अक्काचे पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत ते कळव.

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची निधी. पाहुणे काल बाराला यायचे, ही पावणेअकराला दारात, हातात भरली वांगी. म्हटलं, "अगं, पाहुणे माझे का तुझे?" तर म्हणते, "आजी, ऑस्ट्रेलियाची माणसं मी फक्त क्रिकेटमध्ये बघितलीत. जरा जवळून बघू द्या की." नागपूरची आहे, तोंडाला फाटक नाही. मग गाडी थांबली आणि उतरल्या दोघी, आपल्यासारख्याच सावळ्या. निधी माझ्या कानात, "आजी, या तर तुमच्याकडच्याच वाटतात."

त्या तिथल्या मूळच्या माणसांतल्या. गोरे जहाजातून उतरले त्याच्या किती आधीपासून ती जमीन त्यांची. थोरलीचं नाव जून, सत्तरीची असेल, केस कापसासारखे. बरोबर तिची लेक केरी. तिकडे मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, आंटी म्हणतात. म्हणून मी तिला जून मावशी केलं, आणि मी वयाने मोठी म्हणून ती मला आंटी म्हणायला लागली. दोघी एकमेकींच्या मावश्या. निधी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

जेवण म्हणशील तर ज्वारीच्या भाकरी केल्या. इथे परदेशात दुकानात पीठ मिळतं पण जुनं असतं, भाकरी कडेला चिरते. शेंगांची चटणी, ठेचा, वांगी, ताक. जून मावशी हाताने जेवली, आणि ठेचा दुसऱ्यांदा मागून घेतला. केरीने एकच घास खाल्ला आणि गटागटा ताक प्यायली. "आंटी, धिस इज नॉट फूड, धिस इज पनिशमेंट," म्हणाली. तेवढं इंग्रजी मला कळतं आता.

त्या आल्या होत्या वल्लरीकडे. माझी नात ऑफिसात काय करते ते मला इतकी वर्षं नीट कळलं नव्हतं. ती जुन्या वह्या कॉम्प्युटरला वाचायला शिकवते. सध्या तिच्याकडे ऑस्ट्रेलियातल्या तुरुंगांच्या आणि कोर्टाच्या वह्या आहेत, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या, आणि तेव्हाची वर्तमानपत्रं. त्यांत तिला जून मावशीचा पणजोबा सापडला. जेवण झाल्यावर तिने टेबलावर कॉम्प्युटर उघडला. वहीत त्याचं खरं नावच नाही. पोलिसांनी ठेवलं ते टॉमी. पुढे उंची, पाठीवरचे वण, गुन्हा मेंढी मारल्याचा. वल्लरी वर्तमानपत्रातलं वाचायला लागली आणि मला मराठीत सांगायला लागली. मॅजिस्ट्रेटने त्याला विचारलं, तुझ्याबरोबर दुसरा कोण होता? हा बोलेना. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. पेपरवाल्याने त्याची चेष्टा करून लिहिलंय, की आरोपी हट्टी आहे, साथीदाराला लपवतो. दोन वर्षं ठोकली. बेड्या घालून बेटावरच्या तुरुंगात.

तेव्हा जून मावशी म्हणाली, लपवत नव्हता. दुसरा त्याचा भाऊ होता, आणि तो पकडताना गोळी लागून मेला होता. आमच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत. नाव कसं घेणार तो?

अहिल्या, माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला आणि बसले. वल्लरी म्हणाली, "आजी, आर यू ओके?" निधी पाणी आणायला धावली.

इथले चहाचे कप फार पातळ असतात, भाजतं हाताला. बघ, मी पुन्हा कपांवर आले. तुझ्याशी फोनवर बोलले असते, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, सगळं घर ऐकतं. म्हणून दुसरीपर्यंत शिकलेल्या हाताने हे लिहिते आहे. निधीची आई परवा पुण्याला निघाली आहे, तिच्याबरोबर देईन.

सेटलमेंटमधली ती संध्याकाळ तुला आठवणार नाही, तू आईच्या कडेवर होतीस. तुला ऐकून माहीत आहे ते एवढंच: सरकारने आपली सगळी जमात जन्माने गुन्हेगार ठरवलेली, म्हणून तारेच्या कुंपणात रोज हजेरी. नवा कारकून आला होता, तो कुणाला ओळखत नव्हता. बाईला विचारायचा, नवरा कोण, कुठे आहे. आई आप्पांचं नाव घेत नसे, कुठलीच बाई घेत नसे. त्याला बायकांनी सोय काढली होती, शेजारची रत्नाबाई आप्पांचं नाव सांगायची आणि आई रत्नाबाईच्या नवऱ्याचं. त्या दिवशी रत्नाबाई तापाने पडली होती आणि आपण रांगेत शेवटी होतो. आप्पांना गिरणीत रात्रपाळी होती, परवानगीची चिठ्ठी त्याच्याच मेजावरच्या गठ्ठ्यात. पण नावाशिवाय तो ती शोधणार कशी? आई मान खाली घालून उभी. "नवऱ्याला लपवतेस काय," म्हणाला, आणि लिहिलं फरार. आप्पा परत आले ते फाटकावरच धरले. चिठ्ठी पुढे सापडली, तर म्हणाले वहीत लिहिलेलं खोडत नाहीत. तीन महिन्यांनी तुरुंगातून आले ते खोकला घेऊन, आणि वर्षभरात गेले. तुला त्यांचा चेहराही आठवत नाही.

यासाठी तू आईला जन्मभर बोल लावलेस. "तोंड उघडलं असतंस तर मला बाप असता," हे तू तिच्या शेवटच्या आजारातही म्हणालीस. मी तिथेच औषध कालवत होते.

त्या संध्याकाळी मी आईचा पदर धरून उभी होते. सहा वर्षांची. मला आप्पांचं नाव येत होतं, लेकरांना घ्यायला बंदी नव्हती. आईने माझा हात दाबला. थांबून पुन्हा दाबला, सांग म्हणून. कारकून छडी मेजावर आपटत होता, मी छडीकडेच बघत राहिले. आई मेली तरी हे कुणाला बोलली नाही. तू तिला बोलायचीस तेव्हा ती गप्प बसायची ती माझ्यासाठी.

सासरी मी बाप गिरणीत होता एवढंच सांगितलं होतं. मुलांनाही तेच. काल सगळं सांगितलं, परक्या बायांसमोर. वल्लरी एकेक वाक्य इंग्रजीत करत होती, मधेच तिला करता येईना, मग केरीने तिच्या पाठीवर हात ठेवला. जून मावशीने मला सहा बोटं दाखवली, सहा? मी मान हलवली. ती म्हणाली, "माझी नात सहाची आहे. तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही."

मग मी आप्पांचं नाव घेतलं. कुणी विचारलं नव्हतं. गुरुनाथ रामा, मोठ्याने. संजीव म्हणजे आपला नातजावई आत टीव्ही बघत होता, तोही आवाज बंद करून दारात आला.

वल्लरी म्हणते, आपल्या हजेरीच्या वह्या कुठे ठेवल्या असतील तर ती शोधेल. त्यासाठी आप्पांचा हजेरीचा नंबर हवा. तो त्यांच्या सेटलमेंटच्या पासवर आहे, अंगठ्याच्या ठशाखाली, आणि पास तुझ्या ट्रंकेत. फोटो काढून पाठव. नाही पाठवलास तरी मी समजेन. रागावलीस तर रागव, पण माझ्यावर रागव. आईच्या फोटोसमोर मात्र एकदा जाऊन उभी राहा, एवढं माझ्यासाठी कर.

इथे थंडी आहे, मी मोजे घालते, काळजी करू नको. तू माझ्याहून धाकटी असलीस तरी आज मीच तुझ्या पाया पडते.

जून मावशी आणि केरी आता पूर्वेकडच्या ग्रंथालयांत जुने कागद बघायला गेल्यात. परतताना पंधरा मार्चला, शनिवारी, पुन्हा जेवायला येतो म्हणाल्या आहेत.

तुझी,
अक्का