फणसाच्या फळीचे एकोणीस सेकंद

७ नोव्हेंबर २००४
अमरावती सोडून पुण्यात आलो त्याला आज आठ दिवस. नारायण पेठेत झकास दोन खोल्या मिळाल्या. किल्ली देताना घरमालकीण विमलाबाई म्हणाल्या, की गिटार वाजवायला हरकत नाही, फक्त ऐकू येता कामा नये. मी हसलो, त्या हसल्या नाहीत. मी प्रोग्रॅमर, बायको उत्कर्षा कॉल सेंटरमध्ये. तिच्या आवाजाने चिडलेलं गिऱ्हाईकही नरम पडतं. मी तर लग्नच केलं. तिच्या पहिल्या पगारातून मला इलेक्ट्रिक बास गिटार बनवून मिळणार आहे. आता लाकूड निवडायचं.

९ नोव्हेंबर
येरवड्याला हुसेनभाईंच्या कारखान्यात गेलो. तीन पिढ्या वाद्यं घडवणारं घर. त्यांनी तून, सागवान आणि फणस अशा तीन फळ्या काढल्या. तून हलकं, पण आवाज लगेच विरतो. सागवान गळ्यात अडकवलं तर पाठीचे हाल. फणसावर टिचकी मारली आणि घड्याळ लावलं. टिचकीनंतर तळहात ठेवून फळी शांत करायची त्यांची पद्धत. मोजमाप बिघडेल म्हणून मी त्यांचा हात धरून ठेवला. नाद एकोणीस सेकंद टिकला! हीच हवी म्हणालो. हुसेनभाईंचा चेहरा उतरला होता, पण असले सोपस्कार मला पटत नाहीत. दोन दिवस ऐकून बघतो म्हणून फळी घरी आणली.

११ नोव्हेंबर
कुकरची शिट्टी उडाली, वाफ दिसली, आवाज नाही. फळीला कान लावला तर शिट्टी आत वाजत होती. मला गंमत वाटली. उत्कर्षाला अजिबात नाही.

१२ नोव्हेंबर
तिचा आवाज गेलाय. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे. घरी आलो तर फळीतून ती बोलत होती, गिऱ्हाइकाशी बोलते तशी. मी घाबरलोय.

१३ नोव्हेंबर, सकाळी दहा
फळी परत द्यायला निघालो. जिन्यापाशी पोचलो आणि मागे उत्कर्षा कोसळली. श्वास नाही. धावत आत आलो; दाराला लॅच आहे, माझ्यामागे बंद झालं. फळी तिच्या शेजारी ठेवून हुसेनभाईंसारखा तळहात दाबला, तेव्हा छाती हलली. हात काढला — थांबली. पुन्हा ठेवला.

दुसऱ्या हाताने हुसेनभाईंना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, टिचकीनंतर हात न ठेवता उघडी सोडलेली फळी घरातले आवाज ओढून वाजत राहते. आवाज संपले की श्वास ओढते. हात काढू नका, मी निघालो."

हो म्हणायला गेलो — माझाही आवाज नाही.

साडेदहा
हात बधिर. उत्कर्षा माझ्याकडे बघतेय. चूक माझी आहे, असं लिहून तिला दाखवलं. तिने डोळे मिटले —

पावणेअकरा
हुसेनभाई, दार हलताना दिसतंय, ठोठावल्याचा आवाज येत नाही. मला ओरडता येत नाही. हे पान फाडून दाराच्या फटीकडे फेकतोय. दार फोडा. हात फळीवर आहे की नाही, हे आता मला बघितल्याशिवाय कळत नाही. आणि लिहिताना नजर कागदावर असते, त्यामुळे उत्क—