गाडीच्या तोंडावरचं लोखंड

बाबा, अमरावतीच्या दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितेय. हे आत आहेत, तुमचे जावई. आज सहावा दिवस. नाकातोंडात नळ्या आहेत, डोळे उघडत नाहीत. डॉक्टर रोज तेच सांगतात, वाट पाहा. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही समोर असता तर हे बोलायची माझी छाती झाली नसती.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट. भातकुली रोडवरचं आपलं वेल्डिंगचं दुकान. एक गिऱ्हाईक पिकअप घेऊन आलंय, रानडुकरांनी पुढची जाळी फोडलेली. त्याला जाड पाइपांचा गार्ड हवाय. तुम्ही नाही म्हणता. मी वेल्डिंगचा होल्डर उचलते, म्हणते, "मी करते." तुम्ही तो सगळ्यांसमोर माझ्या हातातून हिसकावून घेता. "गाडीचं तोंड दबते म्हनून मानूस वाचते. तू तिथं लोखंड ठोकशील, त धक्का सिदा त्याच्या छातीत जाईन. समजते का तुले?" मला वाटलं, पोरीनं गिऱ्हाइकाचं काम घेतलेलं तुम्हाला खपत नाही. कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नव्हते मी.

वरूडला आमची संत्र्याची पिकअप आहे, तीन वर्षांपूर्वी घेतलेली. गेल्या हंगामात डुकरं दोनदा आडवी आली. दुसऱ्यांदा रेडिएटर फुटला, भरली गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली. मग गार्ड लावू म्हणून मीच ह्यांच्या मागं लागले. हे म्हणत होते, "बाबा नाई म्हनत होते ना? राहू दे. मी हळू चालवतो." मी ऐकलं नाही. सासूबाई गावाला गेल्या होत्या तेव्हा तुमचंच मशीन बाहेर काढलं, दोन दिवस अंगणात बसून गार्ड केला आणि चेसिसला पक्का जोडला. जोड बघून हे हसले, "सासऱ्याचा हात आहे तुया हातात." मला किती बरं वाटलं होतं, बाबा.

सोमवारी दिवस मावळताना रिकामी गाडी घेऊन हे घरी येत होते. रस्त्यात रोही आडवा आला, नीलगायीचा नर, चांगला घोड्याएवढा. त्याला धडकून गाडी कडुलिंबावर गेली. गार्ड वाकलासुद्धा नाही. गाडी ओढून नेणारा मेकॅनिक म्हणाला, "ताई, हा गार्ड नसता त एअरबॅग उघडली असती. सगळा दणका आत गेला." ह्यांची छाती स्टिअरिंगवर आदळली होती.

काल सासूबाईंनी विचारलं, "कोनं केला व तो गार्ड?"

मी म्हटलं, "बाबांनी. त्यांचा जुना पडला होता, तोच लावला."

मग त्या तुम्हाला बोलल्या. गेलेल्या माणसाला बोलू नये ते सगळं बोलल्या. मी खाली मान घालून ऐकलं, एका शब्दानं अडवलं नाही. गार्ड मी केला हे फक्त ह्यांना माहीत आहे. शुद्धीवर आले की माझं खोटं उघडं पडेल. पडू दे. घराबाहेर काढलं तरी चालेल मला. ह्यांनी नुसता एक डोळा उघडावा, बाबा, एवढंच मागतेय.

हा कागद मी फाडणार आहे, म्हणून शेवटचं लिहून टाकते. काल सासूबाई बोलत होत्या तेव्हा, इतक्यात ह्यांना जाग येऊ नये, असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं.